गजभियेकाकांचा डिपर

आमचे गजभियेकाका भर दुपारी टॉर्च लावतात. मनीषनगरातलं ऊन काय असतं ते नागपूरकराला सांगायला नको. त्या उन्हात काका फाटकाशी, कडुलिंबाच्या सावलीत खुर्ची टाकून बसलेले असतात आणि ओळखीचं कुणी स्कूटरवरून गेलं की हातातली टॉर्च दोनदा लुकलुकवतात. याला ते ‘डिपर देणं’ म्हणतात. जन्मभर एसटी चालवली, तीही रात्रीच्या गाड्या. समोरून येणाऱ्या ड्रायव्हरला रामराम करायचा तो दिव्यानं. रिटायर झाल्यावर गाडी गेली, दिवा तेवढा हातात राहिला. “हात हालवाले मी काय पुढारी हाओ?” असं त्यांचं म्हणणं.

टॉर्चशिवाय काका घराबाहेर पाऊल टाकत नाहीत. भाजीबाजारात टॉर्च, दवाखान्यात टॉर्च, लग्नात आहेर एका हातात आणि टॉर्च दुसऱ्यात. शर्टाच्या खिशात लोक तंबाखू-सुपारीचा खर्रा ठेवतात, काका जादाचे सेल ठेवतात. कुणी गावाला निघालं की बाकीचे म्हणतात नीट जा, पोचल्यावर फोन कर. काका विचारतात, “टॉर्च घेतली का?”

मी एकदा म्हटलं, “काका, मोबाइलमध्ये असते ना आता.”

“मोबाइल!” काकांनी असं तोंड केलं की जणू मी कारल्याचा चहा दिला. “ज्याले धा कामं त्याचं एक खरं नाई. तू उजेड धरशीन अन् बरोबर तवाच तुह्या सासऱ्याचा फोन येईन.”

आता काकूंबद्दल. सुशीलाबाई गजभिये. गणिताच्या शिक्षिका. अर्ध्या कॉलनीचे कान त्यांच्या हातून पिळून निघालेत, त्यात माझेही दोन. खुद्द काकासुद्धा त्यांना ‘बाई’च म्हणतात. बुद्धविहारात दर पौर्णिमेला संध्याकाळची वंदना त्याच घेतात, तोंडपाठ, आवाज असा खणखणीत की मागच्या रांगेतलं पोरगंसुद्धा चुळबुळ करत नाही.

तर दिवस मावळला की हे जोडपं विहाराकडे निघतं ते हातात हात घालून. काकांच्या डाव्या हातात टॉर्च, उजव्यात बाईंचा हात. आमच्याकडे नवराबायको चालताना मधून म्हैस जाईल एवढं अंतर ठेवतात, त्यामुळे हा प्रकार डोळ्यांवर आला. पण काकूंनी स्वतःच खुलासा करून टाकला, “अरे, यांना अंधाराची भीती वाटते. रिटायर झाल्यापासून सुरू झालंय. हात सोडला की घाबरतात.”

“खरं हाय गा,” काका मान हलवत. “लय भेव वाटते.”

झालं! आमच्या हाती आयतं कोलीतच आलं. काका निघाले की मी गच्चीवरून ओरडायचो, “काका, जपून! चिंचेखाली कुणीतरी उभं आहे!” काका दचकल्यासारखं करायचे, “नको ना गा भेडसावू.” बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. ज्या माणसानं जंगलातून रात्री-बेरात्री गाड्या हाकल्या, बंद पडलेल्या गाडीखाली एकट्यानं झोपून नटबोल्ट आवळले, तो अचानक अंधाराला कसा भ्यायला लागला, हा प्रश्न आमच्यातल्या एकालाही पडला नाही. आमची अक्कल गवत खायला गेली होती, दुसरं काय!

परवाच्या लग्नसराईत काकूंच्या भाचीचं लग्न निघालं खाप्याला. गाडी माझी, ड्रायव्हर मी. आणि नेमकी आदल्या दिवशी काकांची जुनी स्टीलची टॉर्च बसली. सेल बदलले, थपडा मारल्या, उन्हात ठेवली, पण ढिम्म. काकांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं लग्नच मोडलं.

“विनू, गाडी काढ. बर्डीले चाल.”

बर्डीच्या बाजारातल्या त्या दुकानात आम्ही जे केलं, त्यानंतर मी त्या गल्लीतून मान खाली घालून जातो. दुकानदारानं काउंटरभर टॉर्च मांडल्या. “काकाजी, ये देखो. तीनसौ मीटर फेकती है!”

“तीनशे मीटरवर माह्या बापाचं वावर हाय का? मले पायापुढचं दाखव.”

मग काका एकेक टॉर्च घेऊन दुकानामागच्या खोलीत शिरायचे, दार लावायचे आणि आतून निकाल द्यायचे. “ही मंधातच चांदणी पाडते, बाजूले काळंठिक्कर! गड्डा काय रस्त्याच्या मंधात असते का? बाजूलेच असते!” दुसरीला, “ही डोळ्यात घुसते. हेडलाइट मोठा करून आंगावर येणारा ड्रायव्हर मले पहिल्यापासून पटत नाई.” तिसरीचं बटण एकदा दाबलं की मोठा उजेड, पुन्हा दाबलं की लहान, पुन्हा दाबलं की लुकलुक आणि मग बंद. त्यावर तर काका भडकलेच. “लुकलुक कायले पाहिजे? वरात काढाची हाय का? बटन चुकून दाबल्या गेलं तर अंधार! एक बटन, एक उजेड. बस.”

इथपर्यंतही ठीक होतं. पण मग त्यांनी आपल्या उजव्या हातात दुकानदाराचा हात घट्ट धरला आणि डाव्या अंगठ्यानं टॉर्चचं बटण दाबून पाहायला लागले. त्याला तसंच धरून दुकानात चार पावलं चालवलंही. दुकानदार माझ्याकडे बघतोय, मी छताकडे.

“काका, तुम्ही उजवे ना? मग डाव्या हातानं कशाला?”

“उजवा हात कामात असते.”

शेवटी एक साधी टॉर्च निघाली. पिवळसर, पसरट उजेड, पकडायला रबर, एकच बटण. काकांनी ती कमरेच्या उंचीवरून फरशीवर टाकली. दुकानदार “अरे काकाजी!” म्हणून ओरडला. उचलून लावली, लागली. “ही घेतो,” काका म्हणाले, आणि दुकानदाराचा हात सोडला. मी मात्र चिडून ती तीनशे मीटरवाली घेतली. म्हटलं, दाखवतोच यांना खरा उजेड काय असतो तो.

खाप्याला लग्न छान लागलं. वरणभात, वांग्याची भाजी, बुंदी. काकूंभोवती जुन्या विद्यार्थिनींचा गराडा. दिवस बुडाला तशी आम्ही निरोपाला सुरुवात केली. काका म्हणाले, “बाई, इथंच उभ्या राहा. मी पिशव्या गाडीत टाकून येतो.” ते गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गाडीकडे गेले आणि नेमकी लाइट गेली. मांडवाच्या जनरेटरनं दोन आचके दिले आणि तोही गप्प झाला.

मला काय, आनंदच झाला! खिशातून माझी तोफ काढली. “चला काकू, मी आहे ना.” उजेड असा सुटला की समोरच्या देवळाच्या कळसावर जाऊन आदळला आणि कुत्री भुंकायला लागली.

काकू जागच्या हलल्या नाहीत. मी टॉर्च खाली वळवली ती त्यांच्या तोंडावर आली. काकूंचे डोळे उघडे होते आणि त्या बघत होत्या माझ्या शेजारी, जिथं कुणीच नव्हतं. एक हात हवेत. एक पाऊल पुढं काढून त्या जमीन चाचपत होत्या, नि त्या पावलापुढं वीतभरावर उघडी नाली.

“अहो?” काकू म्हणाल्या. साठ पोरांचा वर्ग एका हाकेत गप्प करणारी बाई ती. तिचा एवढासा आवाज मी कधी ऐकला नव्हता. “अहो, कुठं आहात?”

काका गल्लीतून पळत आले. या वयात, पळत. त्यांचा तो पिवळा उजेड काकूंच्या पायांपुढं सारखा पसरला. “बाई, आलो मी. हात द्या मले. लाइट गेली अन् माहा जीव घाबरून राहिला.”

काकूंनी हात धरला. श्वास घेतला. आणि लगेच वर्गातला आवाज परत आला. “पाहिलंस ना विनू? एक मिनिट सोडायची सोय नाही या माणसाला. चला हो, घाबरू नका. मी आहे.” काकांनी उजव्या हातानं त्यांना हलकेच आपल्याकडे ओढलं, नाली चुकली, आणि दोघं गाडीकडे चालायला लागले. मी माझी टॉर्च बंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका फाटकाशी बसले होते. मी जवळ जाऊन उभा राहिलो. तेच म्हणाले, “समजलं न तुले?”

“काकूंना दिसत नाही?”

“दिवसा दिसते. दिवस बुडला का नाई. डॉक्टर म्हणते इलाज नाई. हळूहळू दिवसाचं बी जाईन म्हणते.”

“अहो मग सांगायचं ना काका! आम्ही सगळ्यांनी हात धरून नेलं असतं त्यांना.”

“तेच तर नाई पाहिजे ना गा. जिनं जिंदगीभर लोकायचे कान धरले, तिचा हात लोकायनं कीव करून धरावा? मले भेकड म्हटलं तर माह्यं काय जाते? ड्रायव्हर माणूस मी. शिव्या खायाची आदत हाय.”

“आणि काकूंना माहीत आहे का, तुम्ही भीतीचं नाटक करता ते?”

काका हातातल्या टॉर्चशी चाळा करत राहिले. “गणिताची बाई हाय ते. एक दिवस म्हणे, तुमाले अंधाराचं भेव कवापासून वाटाले लागलं? म्हटलं, बाई, तुमाले दिसणं कमी झालं तवापासून.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “ते काई खोटं नाई ना गा, विनू?”

मला रडू आलं, सरळ सांगतो. इतके दिवस गच्चीवरून ओरडणारा मी, माझंच तोंड बडवून घ्यावंसं वाटलं. पण काकांनी त्याचीही सोय ठेवली नाही. “आता तू मले हासणं बंद करजो नको. तू थांबला का लोकं इचारतीन, काहून थांबला?”

म्हणून इथं नावं बदलली आहेत. मनीषनगरात फाटकाशी बसलेले म्हातारे गल्लीगल्लीत सापडतील, उगाच शोधायला येऊ नका.

काल पौर्णिमा होती. दिवेलागणीला दोघं विहाराकडे निघाले. पांढरं पातळ, पांढरा सदरा, हातात हात. मी गच्चीवर होतोच. घसा साफ केला आणि सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल असा ओरडलो, “काका, जपून! चिंचेखाली कुणीतरी उभं आहे!”

“नको ना गा भेडसावू!” काका म्हणाले.

“विनू, कान पिळीन!” काकू म्हणाल्या, आणि दुसरा हातही काकांच्या दंडावर ठेवला. “चला हो तुम्ही. मी आहे ना.”

दुपारी फाटकासमोरून गेलो तेव्हा काकांनी मला दोनदा डिपर दिला होता. आता मी वरून हात हलवला, तर त्यांनी नुसती मान हलवली. अंधारात ते कुणालाच डिपर देत नाहीत. वळणापर्यंत मी बघत उभा होतो, काकूंच्या पायांपुढचा उजेड एकदाही विझला नाही.