नऊ नंबरचा गाल

"रंग डोळ्यानं नाई ओळखत, डोक्यानं ओळखतेत!"

फुलचूरहून तीन दिवसांचा मेकअपचा वर्ग करून मंजू कापगते गावी परतली, ती हे वाक्य घेऊनच. एसटीतून उतरल्यावर पहिल्यांदा तिनं ते नवऱ्याला ऐकवलं, मग सासूला, आणि मग दारात आलेल्या भाजीवालीला. प्रमाणपत्राला प्लॅस्टिक चढवून ते देव्हाऱ्याशेजारी टांगलं. त्या दिवसापासून तिला माणूस म्हणून कोणी दिसेना. पोस्टमन आला तर 'गव्हाळ, जरा पिवळसर'. सरपंच आले तर 'सावळे, पण आतून तांबूस'. गोठ्यातल्या म्हशीला जांभळी छटा शोभून दिसेल, असं तिनं नवऱ्याला, चंद्रकुमारला, एकदा अगदी गंभीरपणे सांगितलं. चंद्रकुमार गरीब स्वभावाचा. त्यानं मान डोलावली आणि म्हशीला चारा टाकला.

मंजू ही गोष्ट आता स्वतःच सांगते, आणि या ठिकाणी आली की स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेते. पण तेव्हा तिला खरंच वाटत होतं, की अख्ख्या जिल्ह्यात गालांना आपल्यासारखं माणूस मिळालेलं नाही!

तिचा डोळा होता घराच्या समोरच्या खोलीवर. खोली रस्त्याला लागून, मोठ्या खिडकीची. तिथं आरसा लावायचा, खुर्ची ठेवायची, बाहेर पाटी टांगायची, 'मंजू ब्युटी पार्लर'. अडचण एकच. खोलीत धानाची चाळीस पोती होती, आणि पोत्यांचे मालक होते सासरे, जागेश्वर. गावचा तलाव आपल्या पणज्यानं बांधला, असं सांगणारा माणूस. काम डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते कोणालाच शाबासकी देत नसत. दोन वर्षं ती खोली मागत होती, दोन वर्षं ते "पाहू" म्हणत होते.

शेवटी भूमिकाचं, म्हणजे मंजूच्या नणंदेचं, लग्न ठरलं आणि जागेश्वरनं सौदा केला.

"भूमिकाचं तोंड तू सजव. पावण्यायनं चांगलं म्हनलं तं खोली तुही. नाई म्हनलं तं पोते तठीच राहतीन. मंग पुन्ना इषय काढाचा नाई!"

"मंजूर, मामाजी!"

भूमिकाला मात्र घाम फुटला. तिनं गोंदियाची एक पार्लरवाली मनात धरली होती.

"वहिनी, लगन एकदाच होते वो!"

"म्हनूनच तं मी करून देतो! दुसऱ्याच्या हातात काऊन देऊ तुहा चेहरा?"

भूमिकानं गोंदियाच्या पार्लरवालीचा विषय तिथंच सोडला.

मे महिना होता. ऊन असं की सकाळी नऊ वाजता कौलांकडे पाहवत नव्हतं. म्हणून जागेश्वरनं लग्नाच्या पाच दिवस आधी अख्ख्या अंगणावर हिरवी नेट ताणून घेतली, भाजीच्या रोपांवर ताणतात ती. सावली झकास पडली. फक्त त्या सावलीत भात हिरवा, दूध हिरवं, पाहुणे हिरवे आणि पाहुण्यांची पोरंही हिरवी दिसायची. पहिल्या दिवशी सगळे हसले. दुसऱ्या दिवशी डोळे सरावले. तिसऱ्या दिवशी सगळं हिरवं दिसतंय हेच कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

आणि त्याच तिसऱ्या दिवशी, त्याच नेटखाली, मंजूनं सगळ्या बायकांना बसवून वर्गात शिकवलेली परीक्षा घेतली.

"मनगट पालथं नोको, उतानं करा. अंदरच्या शिरा पाहा. निळ्या असल्या तं तुमचा रंग थंडा, त्याले गुलाबी लाली. हिरव्या असल्या तं रंग गरम, त्याले केशरी, विटकरी."

अकरा मनगटं पुढे आली. मंजू वाकून वाकून पाहत गेली. हिरव्या. हिरव्या. याही हिरव्या! सासूबाई शामकला, मावस सासू, दोन चुलत जावा, वधू, एकूण एक हिरव्या!

"पूर्ण खानदानच गरम हाये!" ती थक्क होऊन म्हणाली.

"ते मी लगन होऊन आली तवापासून म्हनून राहिली," शामकला जागेश्वरच्या दिशेनं बघत म्हणाली.

मग मंजूनं वर्गातून आणलेला नऊ रंगांचा डबा उघडला. एक नंबरची फिकी गुलाबी लाली भूमिकाच्या गालाला लावली. दिसेचना! चार नंबर लावला. गालावर चिखल उडाल्यासारखा वाटला. सहा नंबर नुसताच मळकट. करत करत शेवटचा नऊ नंबर लावला, तेव्हा कुठं गालावर हलकीशी, अगदी सोज्वळ झाक आली.

"हाच!" मंजू टाळी वाजवून म्हणाली.

डब्यातली नऊ नंबरची वडी होती नखाएवढी. तेवढ्यात अकरा बायका होणार नाहीत म्हणून दुसऱ्या दिवशी ती गोंदियाच्या बाजारात मुन्नालालच्या दुकानात गेली. मुन्नालालनं तिनं दाखवलेला रंग पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं.

"दीदी, ये तो नाटकवाले ले जाते हैं. मंडई के मेले के टाइम पे. स्टेज पे पीछेवालों को दिखना चाहिए ना, इसलिए!"

"भैया, शादी है, नाटक नहीं."

"वही तो बोल रहा हूँ, दीदी!"

"मेरेको मत सिखाओ. मैंने कोर्स किया है!"

मुन्नालालनं निमूटपणे तीन मोठ्या डब्या बांधून दिल्या. कोर्स केलेल्या गिऱ्हाईकाशी वाद घालू नये, हे तो दुकानदारीत फार पूर्वी शिकलेला होता.

लग्नाच्या दिवशी सकाळीच वीज गेली. घरात अंधार, म्हणून सजावट अंगणात नेटखालीच मांडली. मंजूनं आधी भूमिकाला घेतलं. एक हात मारला.

"दिसून नाई राहिली वो, वहिनी."

"दुसरा मारतो!"

"अजून बी नाई."

"तिसरा!"

भूमिकाचं पाहून जावांनी चार-चार हात मारून घेतले. शामकला "मले नोको, मी नवरीची माय हावो" म्हणत पळत होती, तिलाही धरून रंगवलं. शेवटी डबीच्या तळाशी जे उरलं, ते मंजूनं स्वतःच्या गालांवर खरवडून लावलं. नेटखाली अकराही जणी काय नाजूक दिसत होत्या! मंजूचं मन भरून आलं. समोरच्या खोलीची खिडकी तिला अंगणातूनच दिसत होती. पाटी कुठं टांगायची, तेही तिनं तेवढ्यात ठरवून टाकलं.

लग्न समोरच्या शाळेच्या मैदानात होतं. अकरा वाजता बँड वाजू लागला आणि नवरी बायकांच्या घोळक्यात फाटकाबाहेर पडली. नेट संपली. ऊन पडलं.

बँड थांबला.

मंजू भूमिकाच्या मागे होती. तिला समोर फक्त वऱ्हाडाचे चेहरे दिसत होते. सगळ्यांचे डोळे विस्फारलेले, तोंडं उघडी. नवरदेव गजेंद्र हातातला हार तसाच धरून उभा.

"पाहा," ती शेजारच्या चंद्रकुमारला अभिमानानं म्हणाली, "बोलती बंद!"

तेवढ्यात भूमिकानं घाबरून मागे वळून पाहिलं.

त्या पोरीचे दोन्ही गाल पिकल्या टमाटरासारखे लालभडक झाले होते! मंजूनं शामकलाकडे पाहिलं. टमाटर! जावांकडे पाहिलं. टमाटर, टमाटर! मग स्वतःच्या गालांवर काय असेल हे आठवून तिनं झटकन पदर ओढला.

"लू!" कोणीतरी ओरडलं. "पोरीले लू लागली, ऊन लागलं!"

ओरडणारे होते गजेंद्रचे मामा टेकचंद. पस्तीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर म्हणून काढलेले. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या हाताला एकही रोगी लागला नव्हता, आणि आज एकदम अकरा!

"तिची माय बी! अन् हे बी! बापा, पूर्ण घरच लूनं धरलं! कांदे आना! पन्हं आना! बाया आडव्या करा!"

पुढच्या पाच मिनिटांत लग्नाचा दवाखाना झाला. आचाऱ्यानं भाजीसाठी चिरलेला कांदा परातीसकट आला आणि बायकांच्या तळपायांना चोळला जाऊ लागला. थंड पाण्याच्या ड्रममधला बर्फ दुपट्ट्यात बांधून डोक्यांवर ठेवला. शामकला ओरडत होती, "मले काई नाई झालं गा!"

"लूमंधी असंच वाटते!" टेकचंदनं सांगितलं.

भूमिका म्हणाली, "मामाजी, मी चांगली हावो!"

"पाहा! हे बी तेच म्हनून राहिली!"

गजेंद्रची आई रडकुंडीला आली. "पोरीचा जीव मोठा का मुहूर्त मोठा? आज लगन राहू द्या. पोरगी बरी झाली का पाहू."

लग्न राहू द्या! हे ऐकून भूमिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं गर्दीतून मंजूला शोधलं आणि तिच्याकडे नुसतं पाहत राहिली.

मंजूच्या मनात त्या क्षणी काय चाललं होतं, ते ती आजही लाजत सांगते. गप्प बसलं तर लू लागली ती लागली, ऊन काय कोणाच्या हातात असतं? खोली मिळेल. बोललं तर चाळीस पोती जन्मभर तिथंच. एकदा तिनं खिडकीकडे पाहिलं, एकदा भूमिकाच्या भरल्या डोळ्यांकडे. आणि मग तिला स्वतःचीच अशी लाज वाटली की गाल रंगाखालीही तापले.

ती पुढे झाली आणि पदर मागे टाकून ओरडली, "लू नाई हाये! नऊ नंबर हाये!"

कोणालाच काही कळलं नाही.

"मी लावलं हे! नेटखाली दिसून नाई राहिलं, म्हनून चार-चार डाव लावलं! शिरा बी नेटनंच हिरव्या दिसल्या!"

टेकचंद तिच्याकडे दयेनं पाहू लागले.

"बरळून राहिली बिचारी. शिरा हिरव्या म्हनते! ऊन डोक्शात गेलं."

"हे पाहा!" म्हणत मंजूनं गालावरून बोट फिरवून त्यांच्या नाकासमोर धरलं. बोट लालबुंद.

"रक्त!" टेकचंद किंचाळले. "गालातून रक्त फुटलं! उचला तिले!"

चार धिप्पाड बायकांनी मंजूला उचललं. ती हातपाय झाडत होती, म्हणजे रोग आणखीच वाढला होता. "हवेशीर खोली! खिडकीवाली!" टेकचंद ओरडले. आणि जागेश्वर स्वतः धावले. बांगड्या, पोती, धूळ यांचा एकच गोंधळ उडाला. वऱ्हाडातले दहा-बारा गडी पोती बाहेर काढू लागले. दोन वर्षं मागून न मिळालेली खोली दहा मिनिटांत रिकामी झाली, आणि मंजू मधोमध खाटेवर पडली, तळपायांना कांदा, डोक्यावर बर्फ!

पाहुण्यांमध्ये आरोग्य उपकेंद्राची नर्स होती. ती आत आली, ओल्या फडक्यानं मंजूचा गाल पुसला, फडक्याकडे पाहिलं आणि नाकाला लावून वास घेतला.

"नाटकात काम करता का वो ताई?"

मंजूनं डोळे मिटून घेतले.

नर्स बाहेर गेली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "कोनाले काई झालं नाई. सगळ्या बाया तोंडं धुवा, अन् लगन लावा!"

मंजू उठून खिडकीशी आली. हापशीवर अकरा जणी तोंड धूत होत्या, पाणी लाल वाहत होतं. भूमिकानं चेहरा पुसला. कालच्या हळदीचा पिवळा उजाळा तेवढा राहिला होता. गजेंद्र पन्ह्याचा पेला घेऊन तिच्यासमोर उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "घे. लू नसली तरी घे." भूमिका हसली, खाली पाहू लागली, आणि तिच्या गालांवर हलकेच एक रंग चढला. मंजू बघतच राहिली. तो रंग तिच्या नऊ नंबरांत कुठंच नव्हता.

लग्न अर्धा तास उशिरा, पण झकास लागलं. जेवणाच्या पंगतीत वऱ्हाडातल्या बायका सारख्या म्हणत होत्या, "नवरी काय सुंदर दिसून राहिली! कोनी सजवली वो?"

पाठवणी झाली. मंजू रिकाम्या खोलीत खाटेवर बसून होती, पोती आत कधी येतात याची वाट बघत. जागेश्वर दारात आले.

"पावण्यायनं चांगलं म्हनलं, मंजू. सबनच म्हनून राहिले, तोंड मस्त सजवलं. बोलल्यापरमानं खोली तुही."

खोटं बोलायची ताकद आता तिच्यात उरली नव्हती.

"मामाजी, तवा तिच्या तोंडावर काईच नव्हतं. धुतलेलं तोंड होतं ते."

जागेश्वरनं एकदा मंजूच्या अर्धवट पुसलेल्या गालांकडे पाहिलं, एकदा बाहेर अंगणात पडलेल्या चाळीस पोत्यांकडे. मग कमरेवर हात ठेवून कण्हले.

"मंग तोंड धुवाचंच पार्लर काढ! आता ते पोते पुन्ना अंदर कोन आनते?"