दोन साउंड कार्डं आणि होल्गरची कॉफी

इवर लुंडच्या जुन्या कम्प्युटरमध्ये दोन साउंड कार्डं होती आणि त्यांचं एकमेकांशी अजिबात पटत नव्हतं.

तीस वर्षांपूर्वीच्या कम्प्युटरवर तीस वर्षांपूर्वीचे गेम खेळायचे, हा निवृत्त गणित शिक्षक इवरचा छंद. पहिलं कार्ड गोळ्या, स्फोट, किंकाळ्या झकास काढायचं, पण त्याचं संगीत म्हणजे कंगव्यावर कागद धरून कुणी फुंकत बसल्यासारखं. दुसऱ्या कार्डात ऑर्गन, व्हायोलिन, तुताऱ्या सगळं खरंखुरं भरलेलं होतं, पण त्याला साधी एक गोळी झाडता यायची नाही. म्हणून दोन्ही हवीत. आता प्रत्येक कार्डाला कम्प्युटरला हाक मारण्यासाठी एक नंबर लागतो, आणि या दोघांनाही पाच नंबरच हवा होता. एकाच न्हाणीघरासाठी भांडणाऱ्या बहिणींसारखा प्रकार. एक बोलायला लागलं की दुसरं गप्प, आणि दोन्ही एकदम बोलली की कम्प्युटर जागच्या जागी बंद.

तीन आठवडे इवर चिमटा आणि भिंग घेऊन बसला. कार्डाचा नंबर ठरवणारी तांदळाएवढी टोपी उचलायची, शेजारच्या काट्यांवर बसवायची, कम्प्युटर लावायचा, निराश व्हायचं, पुन्हा उचलायची. शेवटी दुसरं कार्ड सात नंबरावर राजी झालं. तो नंबर प्रिंटरचा होता, म्हणून प्रिंटर माळ्यावर गेला. इवरने लगेच जुन्या कम्प्युटरवाल्यांच्या मंडळात जाहीर करून टाकलं, "शनिवारी दोन्ही एकदम वाजवून दाखवतो."

मंडळात अकरा सभासद होते आणि सगळ्यात तरुण बावन्न वर्षांचा. त्यांच्यातला गोर्म, पूर्वीचा बसड्रायव्हर, गेम खेळण्यात सगळ्यांचा बाप होता आणि इवरचा शाळेपासूनचा मित्र. तो म्हणाला, "एका कार्डावर जग चाललंय की रे. दुसरं कशाला?"

"तुला कान एक आहे का?" इवर म्हणाला.

"हो. डावा. बसच्या इंजिनानं उजवा केव्हाच नेला."

शनिवारी दुपारी मंडळ गावच्या सभागृहातल्या छोट्या खोलीत जमलं. दारातच आस्ता उभी होती. सभागृहाच्या किल्ल्या, स्वयंपाकघर आणि शिस्त ही तिन्ही खाती सत्तर वर्षांच्या आस्ताकडे होती.

"मोठ्या हॉलमध्ये होल्गरची कॉफी आहे," ती म्हणाली. होल्गर म्हणजे सभागृहाचा वीस वर्षं अध्यक्ष राहिलेला माणूस. त्याला आत्ताच चर्चशेजारी पुरून सगळे कॉफी प्यायला येत होते. "चौसष्ट माणसं आहेत. तुमच्या त्या डब्यातून एक चूं जरी ऐकू आली ना, तर या खोलीत तुमचा शेवटचा दिवस."

"अगं, एकदम हळू लावतो," इवरने शब्द दिला.

कम्प्युटर टेबलावर चढला. मग इवरच्या लक्षात आलं, की दोन कार्डांचा आवाज एकत्र करून स्पीकरला देणारी छोटी पेटी घरी वॉशिंग मशीनवर राहिली. स्पीकरना भोक एकच. त्यात पहिलं कार्ड जोडलं, तर दुसऱ्याची वायर हातात लोंबकळत राहिली.

"मग आज एकावरच भागव," गोर्म म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

इवरने भिंतीकडे पाहिलं. तिथे एक गोल सॉकेट होतं आणि खाली पट्टी चिकटवलेली होती: छोटी खोली. वर छतात दोन स्पीकर होतेच. म्हणजे वायर इथे खोचली की संगीत छतातून आणि गोळ्या टेबलावरून. उलट जास्तच छान! त्याने वायर खोचली आणि गेम सुरू केला.

टेबलावरून एक बारीकशी गोळी सुटली. छत मात्र ढिम्म.

"संगीत?" गोर्मने विचारलं.

"येतंय," म्हणत इवरने संगीताचा आवाज पाचावर नेला. मग आठावर. मग शेवटच्या टोकाला. छत हूं की चूं करेना. अकरा जण मान वर करून बसले होते.

"सात नंबरवालं कार्ड रुसलं वाटतं," गोर्म म्हणाला.

त्याच वेळी मोठ्या हॉलमध्ये कपांत कॉफी ओतली जात होती, लोण्याच्या बनांच्या थाळ्या फिरत होत्या आणि राग्नहिल्ड उभी होती. राग्नहिल्ड ही गावची पाद्री, चाळिशीची आणि कामाला वाघ. कप खाली ठेवून ती म्हणाली, "आता जरा वेळ शांत बसून होल्गरची आठवण काढू या."

शांतता पसरली आणि छतातून ऑर्गन सुरू झाला.

आधी अगदी मंद. होल्गरच्या बायकोने, दाग्नीने, डोळ्याला रुमाल लावला. मग सूर चढले. मग व्हायोलिनं आली. मग तर सगळा हॉल भरून गेला आणि खिडक्यांच्या काचा थरथरू लागल्या. होल्गरचा थोरला भाऊ उठून उभा राहिला. एक जण उभा राहिला म्हटल्यावर बाकीच्यांना बसून राहणं बरं दिसेना. चौसष्ट माणसं हात जोडून, खाली मान घालून उभी राहिली आणि संगीत संपायची वाट बघू लागली.

ते संपेना. एकदा झालं, पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. कॉफीवर साय धरली. राग्नहिल्डने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, आणि आस्ता तीरासारखी छोट्या खोलीकडे सुटली.

"काय लावलंय हे?" आत येऊन जाड दार मागे लोटून घेत ती कुजबुजली. पण ती कुजबूज ओरडण्यापेक्षा भयंकर होती.

"काहीच लागत नाहीये," इवर काकुळतीला येऊन म्हणाला. "तेच तर!"

आस्ताने नुसतं दार पूर्ण उघडलं. हॉलमधून ऑर्गन आत आला. इवरने तो ओळखला आणि मग भिंतीवरची पट्टी पाहिली.

"ती पट्टी होल्गरनंच लावलेली," आस्ता म्हणाली. "वायरिंगही त्याचंच. दोन्ही खोल्या उलट्या जोडून ठेवल्यात, बारा वर्षं सांगतेय मी!"

इवरने प्लगला हात घातला, तसा आस्ताने त्याचा हात धरला. "खबरदार! मध्येच तोडतोस? दाग्नी रडतेय तिथे. सगळ्यांना वाटतंय होल्गरनंच सांगून ठेवलं होतं. नीट संपव!"

"ते संपत नाही गं. राक्षस मेल्याशिवाय ते गोल गोल फिरतच राहतं."

"मग मारा राक्षस!"

सगळ्यांनी गोर्मकडे पाहिलं. गोर्म खुर्चीत बसला, बाह्या वर केल्या आणि निघाला. टेबलावरच्या स्पीकरवर कुणी कोट टाकला, कुणी त्यावर उशी दाबली. पलीकडे चौसष्ट, अलीकडे दहा माणसं आणि आस्ता, सगळी श्वास रोखून उभी. आस्ताला यातलं काही कळत नव्हतं, तरी ती गोर्मच्या खांद्यावरून वाकून सांगत होती, "डावीकडे, डावीकडे एक शिंगवाला आहे. अरे, बघ ना!"

गोर्म डावीकडे वळला आणि उजवीकडच्याने त्याला खाल्लं.

हॉलमध्ये संगीत एकदम घसरत खाली आलं, खर्जात जाऊन विझलं, आणि सगळं शांत झालं. होल्गरच्या भावाने बसायला गुडघे वाकवले. तोच ऑर्गन पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. भाऊ परत सरळ झाला.

"मेलास?" इवरने विचारलं.

"हिच्यामुळे!" गोर्म दातओठ खात म्हणाला.

"गप्प बस आणि खेळ," आस्ता म्हणाली.

दुसऱ्या खेपेला गोर्मने कुणाचं ऐकलं नाही. सहा मिनिटांत तो शेवटच्या राक्षसापर्यंत पोहोचला. एकवीस गोळ्या उशीखाली फुटल्या, राक्षस कोसळला, आणि हॉलच्या छतातून तुताऱ्या वाजल्या. लांब, भव्य, विजयी. इवरने लगेच वायर उपटली. छोट्या खोलीत सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, त्याही आवाज न करता. आस्ताने गोर्मचा गालगुच्चा घेतला आणि आपण काय केलं ते लक्षात येऊन तरातरा निघून गेली.

इवर मात्र माफी मागायला हॉलमध्ये गेला. दाग्नीसमोर उभा राहून तो म्हणाला, "दाग्नी, ते संगीत... माझ्याकडून झालं ते."

दाग्नीने त्याचे दोन्ही हात हातात घेतले. "वाटलंच मला, हे होल्गरनं कुणाला तरी सांगितलं असणार. मला कधी बोलला नाही हो. कुठलं स्तोत्र ते? आपल्या पुस्तकातलं नाही वाटत."

"ते म्हणजे खरं तर," इवरने सुरुवात केली, तोच राग्नहिल्डचा बूट त्याच्या पायावर पडला.

"नवीन आहे," राग्नहिल्ड म्हणाली.

इवर केकचा एक तुकडा हातात घेऊन लंगडत परत आला. प्रकरण मिटलं, असं त्याला वाटलं.

मंगळवारी सकाळी तो आणि गोर्म कॉफी घेत बसले असताना राग्नहिल्डचा फोन आला. शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका थोरा गेल्या होत्या आणि त्यांच्या मुलींना तेच संगीत हवं होतं.

"अगं, ते राक्षस मारायच्या गेममधलं आहे!" इवर म्हणाला.

"माहितीय मला. आस्तानं सांगितलं. राक्षस आमच्याही ग्रंथात मारतात, त्याचं काही नाही. तुताऱ्या तशाच ठेव. फक्त एक विनंती आहे. ते मध्येच सूर घसरत खाली येतात, सगळं थांबतं आणि पुन्हा पहिल्यापासून उभं राहतं ना? लोकांच्या काळजाला भिडलं ते. मरणानंतरचं जीवन मी वीस वर्षं समजावून सांगतेय, इतकं कुणाला कधी पटलं नव्हतं. थोराच्या मुली म्हणतात, ते दोनदा होईल का?"

इवरने फोनवर हात ठेवला आणि समोर पाहिलं. गोर्म कॉफीत बन बुडवत होता.

"गोर्म," तो म्हणाला, "शनिवारी तुला दोनदा मरावं लागेल."

गोर्मने बन तोंडात टाकला, सावकाश चावला आणि विचार केला.

"चालेल," तो म्हणाला. "कितव्या मिनिटाला, ते तेवढं लिहून घे."