रोज एक वीत

त्या दिवशी ऊन कोवळं होतं, दोरीवरची धोतरं वाऱ्यानं सावकाश हलत होती, आणि आमची नदी चावडीत तलाठ्यासमोर बाकावर येऊन बसली होती. बाक ओला झाला होता, म्हणून मी उभाच राहिलो.

तक्रार माझीच होती. माझी मळीची जमीन वळणाच्या बाहेरच्या अंगाला. नदीनं ती थोडी थोडी कातरत नेली आणि पलीकडच्या गावच्या काठावर नेऊन टाकली. माझ्याकडे आता खाटेपुरती उरली होती.

खैरमोडे भाऊसाहेबांनी नदीला कायमचा पत्ता विचारला.

"मी एका जागी राहत नाही," नदी म्हणाली.

भाऊसाहेबांनी 'फिरस्ती' असं लिहून घेतलं. "जमीन नेली हे कबूल?"

"नेली. वळणावर बाहेरच्या अंगानं धावावं लागतं, भाऊसाहेब. धावताना हाताला लागेल ते येतं. आतल्या अंगाला चाल मंदावते, मग हातातलं सुटतं."

"परत आणून द्या."

"माघारी चालता येत नाही मला."

हे भाऊसाहेबांना पटलं. त्यांचीही बदली कधी माघारी झाली नव्हती. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"तात्या, जमीन पलीकडं हजर आहे. तुम्ही नाही. मग गैरहजर कोण?"

"मीच की," मी म्हणालो. खरं ते नाकारून कसं चालेल?

तेव्हा हुकूम निघाला: ज्या चालीनं जमीन नेली, त्याच चालीनं मालकही न्यावा. रोज एक वीत.

मला एकच काळजी होती. म्हादबा माझा शेजारी. तंबाखू माझ्या कनवटीला, चुना त्याच्या डबीत. रोज सकाळी बांधावर बसून दोन्ही एकत्र करायचं, असं चाळीस वर्षं चाललेलं. दोन्ही जवळ बाळगायचं पाप आम्ही कुणीच केलं नव्हतं.

"भाऊसाहेब, म्हादबाचं कसं करायचं?"

त्यांनी सातबारा उलटसुलट करून बघितला. "शेजाऱ्याला यात रकाना नाही, तात्या."

दुसऱ्या दिवसापासून नदीनं मला खाटेसकट सरकवायला घेतलं. बाई कामाला चोख. शिपाई सकाळी वीत मोजायला यायचा. पाणी खोल झाल्यावर तो काठावरूनच अंदाजानं लिहू लागला. म्हादबा पाण्यात उतरून चुना आणून द्यायचा. आधी घोट्याएवढ्या पाण्यात, मग गुडघ्याएवढ्या, मग कमरेएवढ्या. एके दिवशी पाणी त्याच्या छातीला लागलं आणि डबीत शिरलं. त्या दिवसापासून त्याला येता येईना.

पुढं मी पलीकडं पोचलो. माझी माती ओळखू आली. पोयटा तोच, वासही तोच. नव्या गावच्या लोकांनी चहा दिला. एकानं चुनाही पुढं केला. मी नको म्हणालो. कनवटीची तंबाखू कोरडी पडत चालली होती.

मी रोज सकाळी काठाला बसायचो. समोर म्हादबा बसायचा. मधे नदी आपल्या कामावर.

परवा सकाळी तो उठून उभा राहिला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि हाळी दिली, "तात्याऽ, तंबाखू टाकून देऊ नगंस! काल माझाबी बांध धरलाय तिनं. आलोच मी!"