तुम्हीपण चला ना!

माणसाने बापाशी खोटं बोलावं, भांडावं, दार आपटावं. पण नम्रपणे बोलू नये. बाकी सगळं पचतं, नम्रपणा अंगाशी येतो.

मला जीप हवी होती. चार दिवसांसाठी. मी, माझा मित्र बोका आणि बोक्याच्या ऑफिसातले दोघं, असा वाळवंटाचा बेत दोन महिने शिजत होता. रस्ता सोडून वाळूच्या टेकड्यांवरून गाडी घालायची, तंबू ठोकायचा, कुणाचं तोंड बघायचं नाही. अडचण एकच. जीप बाबांची होती.

बाबा एकतीस वर्षं नकाशांच्या कचेरीत ड्राफ्ट्समन होते. कचेरीने मोडीत काढलेली ही जीप त्यांनी निवृत्तीच्या वर्षी लिलावात घेतली, आणि डोंगर चढायला जन्मलेलं ते जनावर तेव्हापासून भाजी आणतं. तेही दुसऱ्या गिअरमध्ये. (मागचे सायकलवाले घंटी वाजवून पुढे जातात.)

तर जीप मागितली, ते "बघू" म्हणाले, आणि निघता निघता, दार ओढून घेताना, मी बोलून गेलो, "तुम्हीपण चला ना!"

आता हे वाक्य म्हणायचं असतं. जिन्यात भेटलेल्या माणसाला आपण "या की आत" म्हणतो, तसं. त्यावर समोरच्याने "छे, छे, तुम्ही तरुण मुलं जा" असं म्हणायचं असतं. साठ वर्षं ही भाषा बोललेल्या माणसाला एवढं कळू नये?

बाबांनी चष्मा काढला. "निघायचं कधी?"

"कुठे?"

"वाळवंटात. आत्ता तूच म्हणालास ना?"

"अहो, म्हणायचं म्हणून म्हणाला असेल तो," आई आतून ओरडली.

"म्हणायचं म्हणून कशाला म्हणेल? तो काय परका आहे?"

मी बोक्याला फोन केला. तो म्हणाला, "सामान धरून जीपमध्ये माणसं मावतात चार. तुझे बाबा पाचवे. उतरणार कोण?"

"बाबा."

"मग सांग तसं त्यांना."

"तू सांग ना."

"बाप कुणाचा आहे?"

इथे मी फोन ठेवला. (कॉलेज सोडताना मी प्राचार्यांच्या टेबलावर हात आपटून बोललो होतो. घरातल्या टेबलापर्यंत तो हात पोचत नाही.)

तोवर बाबांनी रुंद काठाची टोपी आणली. सामानाची यादी केली. तिला 'परिशिष्ट अ' होतं आणि त्यात सुई-दोरासुद्धा होता. गळ्यात शिट्टी आली. वाळवंटात हरवलं तर तीनदा वाजवायची म्हणे. सराव म्हणून ते घरातच तीनदा वाजवायचे, आणि आई विचारायची, "चहा हवाय का?"

शेवटी मी वैतागून म्हणालो, "बाबा, तिथे बघायला काही नसतं हो. नुसती वाळू."

"माहितीये. मी काढलीये ती."

"काय काढलीये?"

"वाळू. नकाशात ती ठिपक्यांनी दाखवतात. एका शीटला मी सतरा दिवस ठिपके देत होतो. साहेब म्हणाले, फार दाट झालेत, पुसून पुन्हा काढा. पुन्हा काढले." त्यांनी टोपी काढून आत पाहिलं. "तेव्हापासून मनात आहे, एकदा जाऊन बघावं. खरंच दाट होते का."

कुठलाही बरा मुलगा इथे गप्प बसला असता. मला राग आला. या पिढीचं हे असंच. साहेबाला जन्मात उलट बोलायचं नाही, आणि निवृत्त झाल्यावर त्याची भरपाई म्हणून आमच्या जीपमध्ये येऊन बसायचं! (आमच्या. हो. कागदपत्रं त्यांच्या नावावर असली म्हणून काय झालं?)

रागाच्या भरात मला एक युक्ती सुचली. मी गंभीर तोंड करून म्हणालो, "आमच्या ग्रुपचा एक नियम आहे. येणाऱ्याने वाळूत गाडी चालवून दाखवायची. नापास झाला तर नेत नाहीत."

"लेखी का तोंडी?"

"प्रात्यक्षिक."

"योग्य आहे," बाबा म्हणाले. नियम म्हटला की त्यांना बरं वाटतं.

गल्लीच्या टोकाला एका इमारतीचं काम चाललंय. तिथे वाळू येऊन पडली होती, गुडघाभर, मैदानासारखी पसरलेली. रविवारी काम बंद. वॉचमनला बाबांनी आदल्या दिवशीच जाऊन विचारून ठेवलं होतं. दहाला आम्ही पोचलो. दुसऱ्या गिअरमध्ये. बाबा खाली उतरले आणि टायरपाशी उकिडवे बसले.

"काय करताय?"

"थोडी हवा काढतो. वाळूत टायर पसरट लागतो. तुम्हाला शिकवलं नाही?"

(मी ऑटोमोबाइल दुसऱ्या वर्षाला सोडलं. टायर तिसऱ्याला असावेत.)

"काही गरज नाही त्याची. बाजूला व्हा, कसं चालवतात ते आधी मी दाखवतो."

"बरं. पण पुढच्या चाकांनाही जोर देणारा तो दांडा–"

"माहितीये!"

माहीत नव्हतं. तो दांडा मोडका आहे असं समजून मी तीन वर्षं त्याला पाण्याची बाटली अडकवत होतो.

मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. जीप डरकाळी फोडून स्वतःच्या लांबीइतकी पुढे गेली, आणि मग पुढे जायचं सोडून खाली जायला लागली. मी आणखी दाबला. वाळू उडाली ती वॉचमनच्या डब्यात, समोरच्या गॅलरीत वाळत घातलेल्या चादरींवर, आणि निम्मी रस्त्यावर. धूळ बसली तेव्हा मागची चाकं दिसत नव्हती.

वॉचमन डबा झटकत जवळ आला. "साहेब, पाया पलीकडे खणायचाय."

मी उतरलो आणि बाबांवरच ओरडलो. "भंगार आहे तुमची जीप! भाजीच्याच लायकीची!"

गॅलरीतल्या बाईंनी चादर झटकायची थांबवली.  बाबांनी वॉचमनकडून घमेलं घेतलं, चाकांमागची वाळू उपसली. चारही टायरची हवा काढली, एकेक मापून. पायाखालची रबरी मॅट काढून चाकांखाली सारली. पासष्ट वर्षांचा माणूस गुडघ्यांवर रांगत होता आणि मी शेजारी उभा राहून सावली देत होतो. मग घमेलं माझ्या हातात देऊन ते आत बसले, दांडा टाकला (खट्! मोडका नव्हता), आणि किल्ली फिरवली.

किल्लीबरोबर स्पीकर जागा झाला. त्या जीपमध्ये मी बसवलेली एकमेव वस्तू म्हणजे तो स्पीकर. आवाज गावाला जाईल असा. माझा फोन त्याला आपोआप जोडला जातो. आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. आवाज बंद व्हावा म्हणून बाबांनी दिसलं ते बटण दाबलं.

"काय रे," अख्ख्या गल्लीत बोका बोलला, "झाला का म्हातारा नापास? भारी डोकं लढवलंस यार, परीक्षा काय, नियम काय! संशय नाही ना आला त्यांना?"

वॉचमन माझ्याकडे बघत होता. गॅलरीतल्या बाई बघत होत्या. मी हातातल्या घमेल्याकडे बघत होतो. तोंड लपवायला ते लहान होतं.

बाबा स्पीकरकडे वाकून म्हणाले, "अजून पेपर चालू आहे."

आणि त्यांनी जीप बाहेर काढली. आवाज नाही, धूळ नाही. वाळूतच एक वळसा घेतला, कडेच्या ढिगावर चढले, पलीकडे उतरले आणि थांबले. "हं. आता सांगा निकाल."

स्पीकर खरखरला. मग बोका चोरट्या आवाजात म्हणाला, "पास, काका."

घरी आल्यावर बाबांनी शिट्टी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली. शेजारी किल्ली. "ने गाडी. मी येत नाही."

"बाबा, चला ना."

"म्हणायचं म्हणून म्हणू नकोस."

"खरंच म्हणतोय."

"मागच्या वेळीही मला खरंच वाटलं होतं."

मला भांडता येतं. प्राचार्यांशी, काकांशी, सल्ला देणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याशी मी भांडलोय. या वाक्याशी कसं भांडायचं ते येईना. मी न्हाणीघरात जाऊन कानांतली वाळू काढली. बरीच होती. बाहेर आलो तेव्हा ते 'परिशिष्ट अ'ची घडी घालत होते, चार, मग आठ.

"माझ्या जागी तुम्ही जा," मी म्हणालो. "मी राहतो."

हे मी म्हणायचं म्हणून म्हणालो नव्हतो. नव्वद टक्के तरी नाही. उरलेल्या दहा टक्क्यांना वाटत होतं की ते म्हणतील, "असं कसं, बोक्याला मागे ठेवू, आपण दोघं जाऊ."

बाबांनी घडी उलगडली. "बरं," ते म्हणाले.

मी माझी जागा दिली, त्याग केला, असं सगळ्यांना सांगायचं ठरवलं होतं. बोक्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "बरं झालं. आम्ही तेच सुचवणार होतो."

सोमवारी बांधकामाचा ठेकेदार आला आणि रस्त्यावरची वाळू बघून भडकला. झाडून गोळा करायची, कचरा, खडे काढून, चाळून ढिगावर टाकायची, असं त्याने मला फर्मावलं. बाबा मदतीला येतो म्हणाले. मी नको म्हणालो. शुक्रवारी सकाळी मी अजून चाळतच होतो, तेव्हा जीप माझ्यासमोरून गेली. बाबा चालवत होते, टोपी घालून, आणि शेजारी बसलेला बोका मांडीवरचा नकाशा त्यांना विचारून विचारून सरळ धरत होता. बाबांनी हात केला. मी चाळणी हलवली.

दुपारी ठेकेदार मागे येऊन उभा राहिला. चाळलेली वाळू त्याने चिमटीत घेऊन पाहिली. "हात चांगला आहे रे तुझा. शिकतोस का कुठे?"

"सोडलं."

"मग ये की माझ्याकडे. साइटवर माल पोचवायला माणूस हवाच आहे. गाडी चालवता येते?"

मी चाळणी खाली ठेवली. छाती भरून श्वास घेतला.

"नाही," वॉचमन म्हणाला.