शेजारच्या सीटची वॉरंटी

वॉरंटीबद्दल मला कोणी शिकवू नये! गाडीला आपण काहीही जोडलेलं असो, बिघाड त्यामुळेच झाला हे कंपनीनेच दाखवायला हवं. मी सगळं वाचून ठेवलं होतं.

माझ्या टर्बो गाडीला मेहुण्याने ताकद वाढवणारा एक छोटा बॉक्स बसवला. "दाजी, आता बघा कशी पळते!" पळाली. पण लगेच शेजारची सीट ओरडायला लागली. सीट रिकामी, तरी गाडीला वाटे कोणीतरी बसलंय आणि पट्टा लावलेला नाही. टिंग, टिंग, टिंग!

ती सीट माझ्या बायकोची. तिला जाऊन वर्ष झालं. परवा तर मी "अगं, लाव की पट्टा" म्हणून गेलो. शेजारी म्हणाले, रिकाम्या सीटलाच पट्टा लावून ठेवा. ते काही मला जमेना. म्हटलं, हा आवाज आता कायमचा बंद करायचा.

मेहुणा बरोबर आला. मागे बसला. पुढच्या सीटवर, ताईच्या जागी, तो बसत नाही. त्यामुळे मी त्याचा ड्रायव्हर दिसतो.

"दाजी, तिथे बॉक्सचं नाव काढायचं नाही हं!"

"मी काय खुळा आहे?"

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलीने विचारलं, "काय तक्रार आहे, काका?"

"बॉक्सचा आणि सीटचा काडीचा संबंध नाही!" मी गरजलो.

"कुठला बॉक्स?"

मेहुण्याने कपाळावर हात मारला. मुलीने मॅनेजरला बोलावलं, मॅनेजरने मेकॅनिकला. बॉनेट उघडून तिघे असे वाकले, जणू आत साप निघालाय!

"काका, इंजिन आणि टर्बोची वॉरंटी विसरा आता."

"विसरलो! पण टर्बोची हवा सीटखाली जाते का? दाखवा!"

मॅनेजरने डोकं खाजवलं. "नाही जात. सीटचं काम वॉरंटीत करून देतो."

"हत्ती देऊन शेपूट आणलंत, दाजी!" मेहुणा पुटपुटला.

सीटखालचा सेन्सर बदलला. आम्ही निघालो. चौक गेला, सिग्नल गेला. गाडीत चिडीचूप.

"बरं वाटतंय ना आता?" मेहुण्याने विचारलं.

मी गाडी वळवली.

"काय राहिलं, काका?" मॅनेजर धावत आला.

"तो जुना सेन्सर परत बसवून मिळेल का?"

त्याने मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा खिडकीबाहेर बघत होता.

"मिळेल," मॅनेजर हळूच म्हणाला, "पण मग सीटचीही वॉरंटी जाईल."

गेली. हॉर्नची तेवढी आहे अजून.