केसरताई रेकॉर्ड होत नाहीत

आमच्या विद्यापीठातल्या मोठ्या लेक्चर थिएटरमध्ये छताला एक कॅमेरा आहे. दर मंगळवारी सकाळी कोणीतरी त्याला कानटोपी घालून ठेवायचं. लाल लोकरीची, हाताने विणलेली, हनुवटीखाली बांधायच्या नाड्यांसकट. कॅमेऱ्याला हनुवटी नसल्यामुळे नाड्यांची मागच्या बाजूला नीट गाठ मारलेली असे. मायक्रोफोनला वेगळा पायमोजा.

कोणीतरी म्हणजे कोण, हे सगळ्या डिपार्टमेंटला ठाऊक होतं. काढायला मात्र मला पाठवायचे. लेक्चर्स रेकॉर्ड करून मुलांना पुन्हा बघायला ठेवायची जी यंत्रणा आहे, ती सांभाळणं हे माझं काम. नागपूरला इंजिनिअर झालो, व्हिसासाठी उंबरे झिजवले, इंग्लंडात कॉव्हेंट्रीला येऊन थंडीने कुडकुडलो, आणि आता करतो काय, तर शिडीवर चढून कॅमेऱ्याची टोपी काढतो. घरी आईला मी ‘क्लाउड सिस्टिम्स’ एवढंच सांगितलंय. तुम्हाला विद्यापीठाचं नाव सांगत नाही, कारण मला व्हिसा रिन्यू करायचाय.

पहिल्यांदा चढलो तेव्हा गाठ काही सुटेना. "काय डोक्याला ताप आहे बाप्पा," असं मी पुटपुटलो, तर खालून आवाज आला, "नागपूर का?"

बघतो तर एक ठेंगणी बाई, पांढरे बूट, अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट, आणि प्रत्येक खिशातून काहीतरी डोकावतंय. झाडाची साल, वाळलेल्या शेंगा, अर्धं सँडविच.

"हो, नागपूर."

"मग तुला थंडी कळायला हवी. राहू दे त्याची टोपी."

"मॅडम, पॉलिसी आहे. सगळी लेक्चर्स रेकॉर्ड झालीच पाहिजेत."

"बरं मग?"

ह्या डॉक्टर केसर पावरा. ‘बरं मग?’ हे त्यांचं ठेवणीतलं हत्यार. डीनला, सिक्युरिटीला, बस ड्रायव्हरला, सगळ्यांना त्या ते मराठीतच ऐकवतात. माझी मॅनेजर फिओना मूळची कॉव्हेंट्रीची, तिला मराठीचं अक्षर येत नाही, पण त्या दोन शब्दांचा अर्थ तिला पहिल्याच भेटीत कळला.

केसरताई सातपुड्यातल्या, धडगावकडच्या. घरची भाषा पावरी. आश्रमशाळा, मग नाशिकला कॉलेज, आणि तिथून झाडांवर संशोधन करायला थेट कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर. तिथले मूळचे रहिवासी म्हणजे मिकमॉ लोक. ताई ज्या विद्यापीठात होत्या तिथे त्या लोकांच्या मुलांना सायन्स शिकवायला प्राध्यापक आणि गावातली वडीलधारी माणसं एकाच वर्गात उभी राहायची. एका डोळ्याने आपल्या लोकांचं ज्ञान बघायचं, दुसऱ्याने मायक्रोस्कोपचं, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून चालायचं, अशी ती पद्धत. ताई बरीच वर्षं तिथे रमल्या. नंतर इकडे नोकरी लागली, तेव्हा त्यांनी तसाच एक विषय आमच्या विद्यापीठात भांडून सुरू केला. पदवी कॅनडाची, नोकरी इंग्लंडची, आणि हट्ट मात्र शंभर टक्के धडगावचा.

पहिल्या तासाला त्या मुलांना दोन पेन्सिली देतात. एक डोळा मिटा आणि टोकाला टोक लावा. सगळ्यांचं चुकतं. पेन्सिली एकमेकींच्या शेजारून निघून जातात आणि वर्गात हशा पिकतो. "एका डोळ्याने दिसतं सगळं," ताई म्हणतात, "पण अंतर कळत नाही. आता तुमचा कुठला डोळा काढून घेऊ ते सांगा."

दुसऱ्या तासाला लाकूड. इथल्या कौन्सिलने, म्हणजे नगरपालिकेने, तोडलेल्या अ‍ॅशच्या झाडाचा ओंडका लॉनवर आडवा टाकतात आणि मुलांना कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने ठोकायला लावतात. मिकमॉ टोपल्या विणणारे लोक असाच ओंडका ठोकतात. ठोकता ठोकता लाकडाचे थर सुटे होतात, वर्षावर्षाचा एकेक, आणि त्याच्या पट्ट्यांच्या टोपल्या होतात. दमून घाम फुटला की मग मायक्रोस्कोप. वसंतात वाढलेल्या लाकडातल्या नळ्या मोठ्या आणि पोकळ असतात, त्याच ठोकल्यावर चिरडतात, म्हणून थर सुटतो, हे मुलांना तेव्हा दिसतं. इंग्लंडचं अ‍ॅश तिकडच्यासारखं पटकन सुटत नाही. ताई त्याच्यावरही चिडतात. शेजारी फिलॉसॉफी डिपार्टमेंट आहे. त्यांनी आवाजाची तक्रार केली, तर ताई म्हणाल्या, "आवाजाने मोडणारा विचार कच्चाच म्हणायचा. आणखी थोडा शिजवा."

आणि प्रत्येक वाक्याला ‘हे कोणी सांगितलं?’ असतंच. मुलांनी रिपोर्टमध्ये काहीही लिहिलं तरी ते पुस्तकाने सांगितलं की माणसाने, हे लिहायचं. ‘सगळ्यांना माहीतच असतं’ असं लिहिलं की शून्य. वेल्समधल्या एका पोराने पावसाच्या लक्षणांबद्दल ‘माझे आजोबा’ असा संदर्भ दिला. मार्क देण्याआधी ताईंनी आजोबांना फोन लावला आणि तासभर गप्पा मारल्या. पोराला पैकीच्या पैकी मिळाले, आजोबांना दर ख्रिसमसला कार्ड जातं.

मग ह्या बाईंना रेकॉर्डिंगचं एवढं वावडं का? मी विचारलं. तिकडच्या एका टोपल्या विणणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी त्यांना झाड कसं निवडायचं ते शिकवलं होतं. जंगलात शेजारी बसवून शिकवलं, आणि म्हणाल्या, तूही समोर बसवूनच सांग.

"मी हो म्हटलं," ताई म्हणाल्या.

"ताई, त्या कॅनडात. त्यांना इथे कुठे कळणार आहे?"

पुढचे काही दिवस ताई माझ्याशी बोलल्या नाहीत. कँटीनमध्ये मी दिसलो की सूपमध्ये बघायच्या.

माझं मत सांगून टाकतो. मला तो निव्वळ हट्टीपणा वाटायचा. आमचं रेकॉर्डिंग म्हणजे काही चैन नाही. आजारी पोरं असतात, कामावर जाणारी असतात, कानाने कमी ऐकणारी असतात. त्यांनी काय करायचं? हा प्रश्न मी एकटा विचारत नव्हतो. आणि एक दिवस अन्वीचा पाय मोडला.

अन्वी लंडनच्या हॅरो भागातली. आई-वडील ठाण्याचे, पोरगी इथेच जन्मलेली. सुट्टीत घरी गेली होती, बर्फावरून घसरली आणि प्लॅस्टरमध्ये अडकली. तिने रेकॉर्डिंग मागितलं. नाही म्हटल्यावर तिने तक्रार केली, आणि तिची काही चूक नव्हती. प्रकरण समितीपुढे गेलं. समितीचं म्हणणं सरळ होतं. रेकॉर्डिंग सुरू करा, नाहीतर विषय बंद. बंद झाला तर ताईंनी दिवसभर पहिल्या वर्षाला स्टॅटिस्टिक्स शिकवायचं, आणि लॉनवर पुन्हा नुसतं गवत.

तांत्रिक बाजू सांगायला मलाही बोलावलं होतं. मी खालमानेने बसलो होतो. डीन भला माणूस आहे, त्याने समजावून बघितलं. प्रत्येक विद्यार्थ्याला ऐकायचा समान हक्क आहे, केसर.

"मान्य," ताई म्हणाल्या.

"जो येऊ शकत नाही त्याचं काय?"

"मी जाईन."

डीन हसला. ताई हसल्या नाहीत.

"प्रत्येकाच्या घरी?"

"बरं मग?"

डीनने समितीकडे बघितलं, समितीने समोरच्या कागदांकडे. शेवटी असं ठरलं की ही टर्म बघू. अन्वीला वर्गाइतकंच शिकायला मिळालं असं ती स्वतः म्हणाली, तर विषय राहील. तिने नाही म्हटलं तर मंगळवारपासून कॅमेरा चालू, टोपी जप्त. आणि ताई खरंच शिकवतात ना, हे बघायला कोणीतरी बरोबर जायचं. कोणीतरी म्हणजे कोण, हे आता तुम्हीही ओळखलं असेल.

शनिवारी सकाळी आम्ही लंडनच्या युस्टन स्टेशनला उतरलो. ताईंच्या हातात चाकांची बॅग. एस्केलेटरवर चढवताना मी ती उचलायला गेलो आणि माझी कंबर धरली.

"ताई, काय आहे यात?"

"लाकूड. काय असणार?"

हॅरोला जाणाऱ्या मेट्रोपॉलिटन लाइनच्या डब्यात बॅगेची चेन उघडी राहिली होती आणि ओंडका डोकं बाहेर काढून बसला होता. समोरच्या आजोबांनी हे काय म्हणून विचारलं. इथे गाडीत कोणी कोणाशी बोलत नाही, पण विचारलं ना, मग संपलं. दोन-तीन स्टेशनं ताई बोलत होत्या. आजोबांचं स्टेशन गेलं तरी ते उतरले नाहीत.

अन्वीच्या आईने दार उघडलं तेव्हा पोह्यांचा वास आला. "या मॅडम, टेबलावर ठेवा ना बॅग," म्हणेपर्यंत ओंडका निघाला आणि बिचारी ओरडली, "अहो, ते टेबल काचेचंय." मग सगळं मागच्या अंगणात. अन्वी खुर्चीत, पाय स्टुलावर, मांडीवर ब्लँकेट, हातात कुऱ्हाड.

"मॅडम, माझी पाय मोडली ना, म्हणून मी रेकॉर्डिंग मागितला," ती म्हणाली. "मला वाटला नाही तुम्ही येणार."

"पाय मोडलाय, हात नाही. ठोक."

ती ठोकायला लागली. ताई शेजारी उकिडव्या बसून सांगत होत्या. ते झाड निवडायचं प्रकरण मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. इथे लिहिणार नाही. मी तिथे होतो म्हणून मला मिळालं. एवढं सांगतो, की मध्येच अन्वीचा चेहरा कोरा पडला, तशा ताई थांबल्या, मागे गेल्या, दुसऱ्या वाटेने आल्या. ती आणखी गोंधळली, त्या आणखी मागे गेल्या. मग पोरीच्या डोळ्यांत काहीतरी उजळलं आणि तेव्हाच ताई पुढे सरकल्या. माझा कॅमेरा हे करत नाही. मला ते आवडलं नाही, पण खरं आहे.

परत निघताना अन्वीच्या आईने डबा दिला. ताईंनी तो इतका छातीशी धरला, की मी उचलतो म्हणायची हिंमत झाली नाही. मग दर शनिवारी आम्ही हॅरो. प्लॅस्टर निघालं, टर्म संपली. समितीने अन्वीला विचारलं. ती म्हणाली, मला वर्गापेक्षा जास्त मिळालं, आणि ही तक्रार समजा हवी तर.

विषय राहिला. फिओनाने मला मेल केली, मंगळवारचा तो तास यंत्रणेतून काढून टाक. मी काढला.

पुढच्या बुधवारी दुपारी ताई माझ्या रेकॉर्डिंगच्या खोलीत आल्या. बुधवारी दुपारी इकडे वर्ग नसतात, सगळी पोरं मैदानावर असतात, इमारत रिकामी. मला वाटलं, पेढे आणले.

"तुझं यंत्र चालू आहे का?"

"आहे. का हो?"

त्यांनी फोन काढला. "माझ्या भाच्याला हे सापडलं. माझी आई आहे."

फोनमधून एका बाईचा आवाज आला, मागे कोंबडा. ती पावरीत काहीतरी सांगत होती. दोन वाक्यं बोलायची आणि थांबायची. पुन्हा दोन वाक्यं, पुन्हा शांतता. मला शब्द कळत नव्हते, पण आवाज सुधारणं हा माझा धंदा.

"मधले गॅप काढून टाकतो, ताई. आत्ता क्लीन होईल."

"गॅप नाहीत रे ते," ताई म्हणाल्या. "ती हुंकाराची वाट बघतेय."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्याकडे कोणी काही सांगायला बसलं, की समोरच्या एकाने हं, हं म्हणत राहायचं. हं आला की पुढचं वाक्य. घरात ते काम केसरचं, बोलता यायला लागल्यापासून. जंगलातला कुठला कंद कधी खणायचा आणि कुठला तसाच सोडायचा, हे आई रात्री सांगायची आणि ही हं म्हणायची. ताई नाशिकला हॉस्टेलवर असताना शहरातला कोणी अभ्यासक आईचं बोलणं रेकॉर्ड करायला गावात आला. चांगला माणूस होता. आवाज स्वच्छ यावा म्हणून त्याने सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं. पुढे ताई कॅनडात असताना आई गेली.

"दर वेळी थांबते बघ. कोणी काही म्हणत नाही. मग बिचारी आपली आपण पुढे जाते." ताईंनी फोन हातात फिरवला. "घरी मी लावते आणि हं म्हणते. पण दुसऱ्या दिवशी लावलं की परत तीच शांतता. माझा हं त्यात कायमचा घालता येईल का तुला?"

मी म्हटलं, येईल. दुसरं काय म्हणणार?

त्यांना हेडफोन लावून दिले, माइक जवळ ओढला, लाल दिवा लावला. पहिला हं फार मोठा आला आणि त्या स्वतःच दचकल्या. नंतर सूर बसला. तो समितीला गप्प करणारा आवाज नव्हता. एखाद्या पोरीचा आवाज होता, पेंगुळलेल्या पण ऐकणाऱ्या. आई बोलायची, थांबायची, ही हं म्हणायची, आई पुढे जायची. अगदी वेळेवर. थोड्या वेळाने माझीही मान हलायला लागली, आणि मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

मग आईचं बोलणं संपलं. कोंबडा आरवला आणि नुसती खरखर राहिली. ताईंनी हेडफोन काढले नाहीत. त्यांनी आणखी एक हं म्हटला, पुढे काय झालं असं विचारल्यासारखा, आणि डोळे मिटून थांबल्या.

बंद करायचं बटण माझ्या बोटाखाली होतं. मी ते दाबलं नाही.