द्वारकावन्संचा उजेड

साठ्यांच्या परसात दिवा लावला, की उजेड पडायला एक तप लागे. सूर्यचंद्रांना हा नियम लागू नव्हता. पण विजेचा दिवा असो, कंदील असो वा विजेरी, उजेड बारा वर्षांनीच जमिनीवर उतरे. भारनियमनाचा अंधारही तितक्याच उशिराने येई. त्याबद्दल तक्रार नेली, की वीज कार्यालयातला कारकून नम्रपणे सांगे की ही तक्रार त्याच वेळी करायला हवी होती.

अनसूयाबाई साठे रोज तिन्हीसांजेला धुण्याच्या दगडावर बसत, ते त्यांच्या थोरल्या नणंदेच्या, द्वारकावन्संच्या उजेडात. न्हाणीच्या भिंतीवर दिवा बसवून घेताना वन्संनी विचारले होते, "वहिनी, तुम्ही कुठं बसाल?"

"मी कशाला बसतेय? मला कामं आहेत," अनसूयाबाई फणकारल्या होत्या.

"बसाल. गुडघे बसवतील." आणि वन्संनी दिव्याचे तोंड दगडाकडे वळवून घेतले होते.

दिवा लावल्यावर वन्सं त्याच्यावरची पाल हाताने हुसकत. त्या हाताची सावली आता रोज दगडावर पडे, दोनदा हले आणि निघून जाई. अनसूयाबाई तेवढ्यासाठी चहा लवकर आटोपत.

वन्सं गेल्यानंतर तो दिवा कोणी लावला नव्हता. उजेड होताच, मग दिवा लावायचे कोणाला सुचणार? आता ते तप भरत आले होते. यापुढे परसात अंधार होता आणि त्यावर आज करण्यासारखा कोणताही उपाय नव्हता.

वन्संच्या श्राद्धाला नाशिकहून मुलगा अरविंद आणि सून मेधा आली. आदल्या संध्याकाळी अनसूयाबाई धुवट पातळ नेसून दगडावर बसल्या. हात आला, दोनदा हलला, गेला. वन्संचा हा शेवटचा दिवा, असे समजून त्यांनी नमस्कार केला.

श्राद्धाची पाने उठल्यावर अरविंदने वायरमन कदमांना बोलावून नवा बेत मांडला. दगडावर पत्र्याचे छप्पर, त्याला दिव्यांची रांग, चाफ्यावर निळे दिवे. काम उद्यापासून.

"निळ्या उजेडात माणसं आजारी दिसतात," अनसूयाबाई म्हणाल्या. "आणि बारा वर्षांनी इथं कोण असणार, हे ठरल्यावाचून दिवे कसले ठरवता?"

अरविंद चाफ्याचा बुंधा मोजू लागला. इतक्यात तिन्हीसांज झाली आणि दगडावर उजेड पडला. हात आला, दोनदा हलला, गेला.

अनसूयाबाई उभ्याच राहिल्या. कदमांनी पक्कड पिशवीत ठेवली. "बाई, तुम्ही तिथी धरली असेल. वीज तारखेवर चालते. बिल कधी तिथीनं आलंय का?"

पंचांग काढून पाहिले. तिथी यंदा तारखेच्या पुष्कळ आधी आली होती. एवढी साधी गोष्ट आपल्या ध्यानात येऊ नये, याची मॅट्रिक झालेल्या अनसूयाबाईंना लाज वाटली. पण हातात आणखी काही संध्याकाळी आल्या होत्या. तारीख उलटेपर्यंत दगडावर पत्रा येणार नाही, असे त्यांनी सांगितले. छपराखाली वन्संचा उजेड पोहोचला नसता, हे अरविंदलाही पटले. तो नाशिकला परतला. मेधा सोबतीला थांबली.

रोज हात येत राहिला. एकदा सावली येण्याआधीच अनसूयाबाईंनी आपला तळवा दगडावर पालथा ठेवून पाहिला. सावली त्याच्यावर दोनदा हलली. दगडाला लागली नसती, इतकी ती त्यांना लागली.

शेवटच्या तारखेला हात आला, दोनदा हलला आणि गेला नाही. पाल कधीच पळाली असावी. बोटे पसरलेली, तळवा उघडा, असा तो दगडावर तसाच राहिला. अनसूयाबाई त्याच्या शेजारी, जागा सोडून बसल्या.

"आत्यांना त्या दिवशी माहीत होतं की काय?" मेधाने हलक्या आवाजात विचारले.

"वन्सं विचारल्यावाचून सांगत नसत. आणि मी विचारलं नाही."

हात गेला. काही वेळाने उजेडही गेला. मग अंधारातूनच अनसूयाबाई म्हणाल्या, "मेधा, तू कुठं बसशील?"

"मी कशाला बसतेय इथं, आई? आम्ही तिकडं नाशकात."

"बसशील. विहिरीपाशी वारा असतो."

दुसऱ्या दिवशी कदमांनी जुना दिवा पुसून त्याचे तोंड विहिरीच्या कट्ट्याकडे वळवून दिले. पत्र्याचा आणि निळ्या दिव्यांचा बेत रद्द झाल्याचे अरविंदला फोनवर कळवण्यात आले. संध्याकाळी अनसूयाबाई चाचपडत न्हाणीच्या भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी बटण दाबले. दिवा लागला. परसात अर्थातच उजेड पडला नाही.

पाल नव्हती. तरी त्यांनी हात दिव्यासमोर धरला, दोनदा हलवला, आणि मेधाने जेवायला हाक मारीपर्यंत तसाच ठेवला.